उगवले नाही, मोडले, दुबार

ज्या दुकानातून आम्ही बियाणे आणि खत उधारीवर आणतो, तो दुकानदार मागची उधारी फिटली असेल तर नव्या वर्षाची डायरी देतो आणि फिटली नसेल तर नुसते कॅलेंडर देतो. त्यामुळे आमच्या भिंतीतल्या आलमारीत कोणत्या वर्षांच्या डायऱ्या आहेत आणि कोणत्या नाहीत, एवढे पाहिले तरी आमच्या शेतीचा इतिहास कोणालाही सांगता येईल. २०१२ ची डायरी आहे. तिच्या शेवटच्या पानावर, जिथे छापखान्याने "टिपणे" असे शीर्षक देऊन कोरी जागा सोडलेली असते, तिथे निळ्या शाईने लिहिलेल्या अकरा ओळी आहेत. अक्षर माझेच आहे, पण इतके वळणदार अक्षर आता माझ्या हातून निघत नाही.

ती यादी मी पोळ्याच्या करीच्या दिवशी लिहिली. खांदशेकणी, झुली, तोरण, पुरणपोळ्या असे सगळे आदल्या दिवसापर्यंत आटोपले होते, घर सुस्तावले होते आणि करीला वावरात कोणी फारसे जात नाही. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते. बारावीनंतर लग्न झालेली, दोन मुलांची आई, गावातली अंगणवाडी सेविका आणि कारंजा व दारव्हा यांच्या मधल्या पट्ट्यातल्या पाच एकर कोरडवाहू जमिनीच्या घरातली एकुलती एक सून. अशा बाईला एक सबंध दुपार मोकळी मिळणे हीच मोठी गोष्ट होती, आणि त्या मोकळेपणाच्या गुंगीत मी चाळीस वर्षांची होईपर्यंत काय काय करायचे ते लिहून काढले.

बी.ए. पूर्ण करणे. आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, जात्यावरच्या ओव्या उतरवून घेणे. मुलांना रोज रात्री एक गोष्ट वाचून दाखवणे. स्कूटी शिकणे. विहिरीत पोहायला शिकणे. शकुंतला रेल्वेत बसून यवतमाळ ते मूर्तिजापूर असा सबंध प्रवास करणे. लोणारचे सरोवर पाहणे. समुद्र पाहणे. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, दहा झाडे लावून जगवणे. गहाण पडलेली गळ्यातली पोत सोडवणे. आणि अकरावी गोष्ट, जी लिहिण्यापूर्वी मी आजूबाजूला कोणी पाहत नाही ना, याची खात्री करून घेतली होती: सातबाऱ्यावर माझे नाव.

आज ती यादी वाचताना पहिल्यांदा जाणवते ते असे, की तिच्यात पाऊस कुठेच नाही. ज्या घराची लग्ने, दवाखाने, पोरांच्या शाळेच्या फिया आणि पाहुण्यांचे येणेजाणे मृग कसा लागतो यावर ठरते, त्या घरातल्या बाईने आपल्या आयुष्याची यादी मात्र पगारदाराच्या घरात बसल्यासारखी केली होती. दुसरे असे, की त्या यादीत क्रमांक होते, बाबी होत्या, पण शेऱ्याचा रकाना नव्हता. अंगणवाडीच्या कोणत्याही रजिस्टरमध्ये शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो. मूल गैरहजर असेल तर आजारी की मामाच्या गावी, हे तिथे लिहावे लागते. स्वतःच्या यादीत मला तो सुचला नाही, कारण लिहिलेले सगळे होईल असेच मी धरून चालले होते.

पुढच्या दोन वर्षांत त्यातले जवळजवळ काहीही झाले नाही. मुक्त विद्यापीठाच्या तालुक्यातल्या अभ्यासकेंद्रात मी २०१३ मध्ये नाव घातले, पुस्तकांचा गठ्ठा घरी आला, एवढेच. कोणी विचारले तर मी म्हणत असे, राहून गेले. मराठीत हे दोन शब्द फार सोयीचे आहेत. त्यात कोणी काही केलेले नसते आणि कोणी काही टाळलेलेही नसते. गोष्टी आपल्या आपण मागे राहतात आणि आपण आपल्या आपण पुढे जातो. आमच्याकडच्या बायकांचे शिक्षण राहून जाते, माहेरपण राहून जाते, दुखण्यावरचा उपचारसुद्धा राहून जातो. या शब्दांची मला लाज वाटू लागली ती २०१४ मध्ये, आणि तीही सासऱ्यांच्या एका वहीमुळे.

२०१४ हे वर्ष ज्यांनी विदर्भात काढले आहे, त्यांना सांगण्याची गरज नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली आणि उभा गहू व हरभरा आडवा झाला. त्यातून सावरण्यासाठी सगळी भिस्त खरिपावर ठेवावी, तर जून कोरडा गेला. साधारण पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका, असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो, आणि आमच्या घरातही ते सगळ्यांना पाठ आहे. पण एका संध्याकाळी ढग भरून आले, तासभर चांगला पाऊस झाला, शेजारच्या वावरात तिफण लागलेली दिसली आणि यांचाही धीर सुटला. यजमानांना मी त्याबद्दल कधी बोल लावला नाही. शेजाऱ्याचे वावर हिरवे होईल आणि आपले काळेच राहील, ही भीती काय असते, ते धुऱ्यावर उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, सातवी शिकलेले होते आणि गेली पस्तीस वर्षे एक पेरणीची वही लिहीत होते. तारीख, पाऊस, कोणते वाण, किती बॅगा, कोणत्या तुकड्यात, आणि शेवटी काय झाले. त्या वर्षी त्यांचा मोतीबिंदू पिकला होता, म्हणून ते सांगत आणि मी लिहीत असे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात स्थिती अशी होती, की दोन एकरांतले सोयाबीन उगवलेच नव्हते आणि दीड एकरातली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, उगवली होती, पण इतकी विरळ, की तिच्यामागे निंदण-डवरणीचा खर्च करणे परवडणार नव्हते, म्हणून यांनी तिच्यावर वखर फिरवला होता. मी वहीत दोन्हींपुढे एकच शब्द लिहिला: गेले. मामाजींनी मला ते वाचून दाखवायला सांगितले आणि ते बाजेवर उठून बसले.

"उगोलं नाही ते येगळं लेहजो, सूनबाई, अन् मोडलं ते येगळं," ते म्हणाले. "उगोलं नाही तर बॅगेची पावती घेऊन दुकानदाराशी भांडता येते. आपल्या हातानं मोडलं, तर कोणाशी भांडशीन?"

मी खोडून पुन्हा लिहिले. सोयाबीन, दोन एकर, उगवले नाही. पऱ्हाटी, दीड एकर, मोडली. त्याखाली त्यांनी तिसरा शब्द सांगितला: दुबार. दुबार पेरणीत काय पेरायचे, यालाही शिस्त असते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या आपत्कालीन पीक नियोजनात ती तक्त्यासारखी मांडलेली आहे, आणि मामाजींना ती तक्त्याशिवाय माहीत होती. जुलैचा पहिला आठवडा गेला की मूग आणि उडीद पेरायचे नाहीत. मुगाला साठ-सत्तर दिवसच लागतात, पण ते दिवस हंगामाच्या तोंडाशीच असावे लागतात. महिना अर्ध्यावर आला की कापूस आणि ज्वारीचा नाद सोडायचा. तूर, तीळ, सूर्यफूल, एरंडी ही मात्र उशिरा पेरली तरी उभी राहतात. तूर तर अशी चिवट, की मुळे खोल सोडून माघापर्यंत तग धरते.

त्या रात्री मी २०१२ ची डायरी काढली, अकरा ओळींच्या उजवीकडे पट्टीने एक उभी रेघ मारली आणि वर लिहिले: शेरा.

रकाना आखणे सोपे होते, भरणे नव्हते. सगळ्यात आधी मला हे मान्य करावे लागले, की माझ्या यादीत मूगही होता. मुलांना रोज रात्री गोष्ट वाचून दाखवण्याची ओळ मी लिहिली तेव्हा मुलगा आठ वर्षांचा आणि मुलगी पाच वर्षांची होती. पहिल्या हिवाळ्यात आम्ही नियमाने वाचले, अगदी भारनियमनाच्या काळात कंदिलाच्या उजेडातही वाचले. मग वेचणी आली, मग पोषण आहाराची रजिस्टरे आली, मग गारपीट आली. उद्या, असे मी म्हणत गेले. ज्या वर्षी मला पुन्हा रात्री तास-दीड तास मोकळा मिळू लागला, त्या वर्षी मुलगी बारा वर्षांची झाली होती. मी पुस्तक घेऊन तिच्या शेजारी बसले, तेव्हा तिने माझ्या मनाचा विचार करून दोन पाने ऐकून घेतली. तिच्या चेहऱ्यावरचे ते सौजन्य मला अजून टोचते. त्या ओळीपुढे मी "दुबार" लिहिले नाही. ते लिहिणे खोटे ठरले असते.

बी.ए. ही मात्र तूर निघाली. २०१४ ची परीक्षेची फी दुसऱ्यांदा आणलेल्या बियाण्यात गेली, आणि ती तिकडे जावी हे मी स्वतः सांगितले होते, म्हणून तिथे मी "उगवले नाही" न लिहिता "मोडले" लिहिले. त्याच्या पुढच्या वर्षी पदवीचे पहिले वर्ष पार पडले. २०१७ च्या जानेवारीत आत्याबाईंना लकवा मारला आणि ते वर्ष दवाखान्याच्या व्हरांड्यात गेले. त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास गुलाबी बोंडअळीने कापसाची दैना केली. डोमकळ्या, म्हणजे अळी लागल्याने न उमललेल्या कळ्या, दिसू लागल्या तेव्हाच जाणत्यांनी ओळखले होते, पण अळी बोंडाच्या आत असते आणि फवारा बाहेरून पडतो. त्या अवधीत अभ्यासाची पुस्तके मी चुलीच्या वरच्या फळीवर ठेवली होती, ती धुराने पिवळी झाली. २०१८ आणि २०१९ मध्ये आणखी एकेक पाऊल पुढे पडले. शेवटच्या वर्षी मी फार तयारीत होते. सविस्तर उत्तरे लिहिण्याचा सराव मी इतका केला होता, की स्वयंपाक करतानाही मनात परिच्छेद पाडत असे. तेवढ्यात २०२० उजाडले. परीक्षा लांबत गेली आणि अखेर मोबाइलवर, चार पर्यायांतून एक निवडा, अशा रूपात झाली. त्याच दिवसांत "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" या मोहिमेत आम्ही सेविका ऑक्सिमीटर घेऊन घरोघर फिरत होतो. रेंज फक्त ग्रामपंचायतीच्या गच्चीवर मिळत असे, म्हणून मी तिथे उन्हात बसून, एका हाताने पदर डोक्यावर धरून, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पदवी मिळवली. सात वर्षे मनात रचलेल्या उत्तरांपैकी एकही ओळ कोणी वाचली नाही. ती कुठेतरी निघावी म्हणूनच मी असे लेख लिहू लागले असेन, असे यांचे म्हणणे आहे.

काही ओळींबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. शकुंतला आमच्या भागातली अरुंद रुळांची गाडी. ब्रिटिश कंपनीने वऱ्हाडाचा कापूस मूर्तिजापूरला मोठ्या रुळांपर्यंत पोहोचवण्यासाठी घातलेली. १९९४ पर्यंत ती कोळशाच्या इंजिनावर धावत असे. मी यादी केली त्या वर्षी ती कशीबशी चालू होती आणि दारव्हा मोतीबाग स्थानकावर मी तिला पाहिलेही होते. पुढच्या महिन्यात जाऊ, पोरांच्या सुट्टीत जाऊ, असे करता करता गाडीच बंद झाली आणि रुळांत गवत वाढले. समुद्र अजून पाहिलेला नाही. विहीर जेव्हा काठोकाठ भरलेली असते, तेव्हा निंदणाचे दिवस असतात, आणि निंदण संपते तेव्हा विहिरीचा तळ दिसू लागतो, त्यामुळे पोहणेही तसेच. धुऱ्यावरच्या दहा झाडांपैकी एक कडुनिंब, एक आवळा आणि एक सीताफळ अशी तीन जगली. बाकीची कोणाच्या शेळ्यांनी खाल्ली, ते मला माहीत आहे, पण शेजार जपायचा असतो. लोणारला मात्र २०२२ मध्ये आम्ही सेविका भाड्याची गाडी करून गेलो. २०२० च्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झाल्याची छायाचित्रे सगळ्यांच्या मोबाइलवर आली होती, त्यामुळे प्रत्यक्षात ते शेवाळी हिरवे पाहून आमच्यातल्या दोघी खट्टू झाल्या. मला तो खड्डा पाहूनच पुरेसे वाटले. आकाशातून पडलेल्या एका दगडाने काळ्या पाषाणात जवळपास पावणेदोन किलोमीटर रुंदीचे भगदाड पाडले आणि त्यात आता देवळे, बाभळी आणि मोर आहेत.

पोतीची गोष्ट थोडी विनोदी आहे. ती ओळ मी तीनदा पूर्ण केली. पोत २०१३ मध्ये सोडवली, २०१४ मध्ये पुन्हा गहाण पडली, २०१६ मध्ये सोडवली, बोंडअळीच्या वर्षी पुन्हा गेली आणि २०१९ मध्ये परत आली. शेऱ्याच्या रकान्यात जागा उरली नाही.

ओव्यांपुढे मी पहिल्यांदा काय लिहिले होते, ते खोडलेले असूनही वाचता येते: "सवडीने". आत्याबाईंना किती ओव्या येत, याचा हिशेब कोणी केला नव्हता. गावात पिठाची चक्की आल्यापासून जाते लग्नाच्या हळदीपुरते आणि डाळ भरडण्यापुरते उरले होते, पण त्यांनी जात्याच्या खुंट्याला हात घातला, की एक ओवी संपण्याच्या आत दुसरी सुरू होई. भाऊ, माहेरची वाट, कापसाची बंडी, पंढरीचा विठोबा, आणि सासूबद्दलचा राग, जो त्या माझ्यासमोर गाताना मिश्कील हसत. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या संशोधकांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, हे मी पुढे वाचले, तेव्हा माझ्या पोटात कालवल्यासारखे झाले. परके लोक गावोगाव फिरून जे करत होते, ते मला माझ्या स्वयंपाकघरात बसून करता आले असते, आणि मी सवडीची वाट पाहत होते.

लकव्याने त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. सगळे समजत असे, पण पाणी हवे असले तरी तो शब्द सापडत नसे. ओठ हलत, भलताच आवाज निघे आणि मग त्या डोळे मिटून घेत. पुढच्या वर्षीच्या फाल्गुनात मी तूर भरडायला जाते मांडले होते. त्या बाजेवर पडून होत्या. जात्याची घरघर सुरू झाली आणि थोड्या वेळाने तिच्यात दुसरा आवाज मिसळला. प्रथम नुसता सूर होता. मग त्यात शब्द आले, आणि ते शब्द स्वच्छ होते. मी हात थांबवला, तर त्याही थांबल्या, आणि मी काय म्हणालात असे विचारले, तर पुन्हा तेच ओठांचे धडपडणे. जाते फिरवले, की ओवी पुन्हा सुरू. तालुक्याच्या डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितले, की बोलण्याची केंद्रे बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला असतात, उजवे अंग लुळे पडते तेव्हा दुखापत त्याच डाव्या बाजूला झालेली असते, आणि गाण्यात उजवी बाजूही भाग घेत असल्यामुळे काही रुग्णांना बोलता येत नसले तरी पाठ असलेले गाता येते. त्यांनी हे अगदी सहज सांगितले. मी घरी आले आणि भरडायला काही नव्हते, तरी जाते मांडले.

दोन हिवाळ्यांत मला चौतीस ओव्या मिळाल्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त अर्ध्या आहेत. पहिली ओळ पुरी येई आणि दुसऱ्या ओळीत कुठेतरी शब्द सुटून नुसता सूर उरे. मी वहीत तिथे जागा सोडून ठेवल्या. शेऱ्यात "दुबार" लिहिले, आणि दुबार पेरणीला उतारा कमीच येतो, हे मामाजींच्या वहीत पानोपानी लिहिलेले असल्यामुळे तक्रार करायला जागा नव्हती.

आता अकरावी ओळ. ती माझ्या डोक्यात घातली ती माझ्या आईने. शेतकरी संघटनेचे १९८६ चे चांदवडचे महिला अधिवेशन झाले, त्यानंतर शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम मांडला, म्हणजे नवऱ्याने आपल्या जमिनीतला वाटा बायकोच्या नावे करून द्यायचा. पुढे १९९२ मध्ये शासनानेही परिपत्रक काढून पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावण्याची वाट मोकळी केली. आमच्या माहेरच्या गावात तेव्हा काही बायकांची नावे लागली होती आणि माझी आई त्या बायकांकडे ज्या नजरेने पाहत असे, ती मला लहानपणापासून आठवते. ज्या वावरात मी वर्षानुवर्षे वेचणी केली, तिथल्या एका कागदावर माझे नाव असावे, यात मला काही गैर वाटत नव्हते आणि आजही वाटत नाही.

जमीन मामाजींच्या नावावर होती. २०१९ च्या हिवाळ्यात ते गेले. तेरवीच्या संध्याकाळी ओसरीत चुलत सासरे, मामेसासरे आणि गावातले दोन जाणते बसले होते आणि बोलणे वारसनोंदीवर आले. वारस चार: आत्याबाई, हे आणि माझ्या दोघी नणंदा. वडिलोपार्जित जमिनीत मुलींचा वाटा मुलाइतकाच, हे हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीपासून सगळ्यांना माहीत आहे, आणि म्हणूनच तेरवीचे जेवण पचण्याआधी हक्कसोडपत्राचा विषय निघतो. बहिणींनी सह्या केल्या, की सातबारा मोकळा होईल, मग यांनी माझे नाव लावावे, असे एका जाणत्याने सुचवले. म्हणजे माझ्या मनातली गोष्ट मी न बोलता कोणीतरी भर ओसरीत बोलले होते. मी आतून चहाचे कप घेऊन येत होते. मोठ्या ताई दाराशी बसल्या होत्या, डोळे रडून सुजलेले, आणि त्या म्हणाल्या, "कुठी करू सही, सांगा. मले काय, दिवाळीले चोळी-बांगडी भेटली तं झालं."

माझ्या अकराव्या ओळीत हे कुठेच नव्हते, की माझे नाव लागण्यासाठी आधी त्यांचे नाव पुसावे लागेल. मी त्या वेळी काही बोलले नाही. कप ठेवले आणि आत गेले. रात्री यांना म्हणाले, की सह्या घेऊ नका. ते चिडले. त्यांचे म्हणणे चूक नव्हते: पाच एकरांचे चार वाटे कागदावर आले, की दरवर्षी पीककर्जासाठी बँक सगळ्या खातेदारांच्या सह्या मागते, एक बहीण अचलपूरकडे, दुसरी दिग्रसला, प्रत्येक हंगामाच्या तोंडाशी हे कागद घेऊन कोण फिरणार? मी म्हणाले, मी फिरेन. हा वाद तीन महिने चालला आणि एका रात्री ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, असू दे नावं. चौघांची नावे लागली. आत्याबाई २०२१ मध्ये गेल्या, आता तिघांची आहेत. माझे नाही. यांच्या वाट्यात ते लावता येईल, पण त्यासाठी आधी वाटणी करावी लागेल, आणि वाटणी म्हटले की धुरे पडतील, म्हणून तो विषय आम्ही दोघेही काढत नाही. शेऱ्याच्या रकान्यात मी बराच विचार करून "मोडले" असे लिहिले. हा शब्द लिहिताना मला समाधान वाटले, असे म्हणता येत नाही. उभे पीक मोडताना कोणालाच समाधान वाटत नाही.

मी फिरेन म्हणाले खरी, पण फिरायला एस.टी. होती आणि एस.टी.ची वेळ. चाळिशी उलटून गेल्यावर, डिसेंबर २०२३ मध्ये आम्हा सेविकांचा संप सुरू झाला, अंगणवाडीला कुलूप लागले आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला सलग आठवडे सकाळी दहानंतर कुठे जायचे नव्हते. मुलीने मला स्कूटी शिकवली. उजव्या गुडघ्यावर त्याची खूण आहे. गावातल्या म्हाताऱ्यांनी पाराजवळून जाताना पाहून न पाहिल्यासारखे केले.

आता जून लागला की बँकेचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी दारव्ह्यावरून दिग्रसला जाते. धाकटी नणंद माझ्याहून तीन वर्षांनी लहान, फार बोलकी. पहिल्या वर्षी तिने सही केली आणि आईची वही दाखव म्हणाली. मी वाचत गेले आणि जिथे मी जागा सोडल्या होत्या, तिथे ती माझ्या वाचनावर न थांबता पुढे गाऊन गेली. तिने लहानपणी आईच्या मांडीला डोके लावून जात्याशेजारी झोप घेतली होती. तिला आपल्याला ओव्या येतात, हेच माहीत नव्हते. सात जागा त्या दुपारी भरल्या. मोठ्या ताईंकडे गेले, तेव्हा त्यांनी धाकटीच्या दोन ओळी चुकीच्या ठरवल्या आणि स्वतःच्या चार सांगितल्या. तेव्हापासून दोघी बहिणी फोनवर एकमेकींशी या शब्दांवरून भांडतात आणि मला मध्ये घालतात. चौतीसच्या एकसष्ट झाल्या आहेत.

या वर्षी मी वही घरी विसरले. पाऊस वाटेतच लागला होता, मी पुरती भिजले होते, कागद तेवढे कोरडे होते. नणंदेने सही केली, चहा टाकला, दूध उतू जाऊ नये म्हणून चुलीकडे पाहत उभी राहिली आणि एकदम म्हणाली, "वहिनी, थांबा, एक आठवून राह्यली, लिहून घ्या लवकर, नाहीतर जाईन." हाताशी दुसरा कागद नव्हता. मी पीककर्जाचा अर्ज उलटा केला आणि त्याच्या मागे लिहून घेतली, मग तिला आणखी एक आठवली, तीही घेतली.

बँकेतल्या मुलाने अर्ज पुढूनमागून पाहिला आणि मागे काहीही लिहिलेले चालत नाही, नवीन अर्ज भरून सह्या पुन्हा आणाव्या लागतील, असे सांगितले. मी कोरा अर्ज मागून घेतला. दोन मागितले.